सांगलीला यायचे कसे, हे पाहुण्याला कोणी सांगायचे?

वाचकाचे पत्र

विश्रामबाग परिसरातल्या एका महाविद्यालयात मी अध्यापक आहे. येत्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या विभागाची दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद आहे आणि दिल्ली, गुवाहाटी, तिरुवनंतपुरम, हैदराबाद, नागपूर अशा ठिकाणांहून साठ-सत्तर अभ्यासक येण्याची अपेक्षा आहे. माहितीपत्रकातला 'कसे पोहोचाल' हा मजकूर माझ्याकडे सोपवला आहे. आमचे एक ज्येष्ठ सर म्हणतात की, 'सांगली रेल्वे, रस्ते आणि हवाई मार्गाने उत्तम जोडलेली आहे' एवढे वाक्य पुरे. दुसरे सहकारी म्हणतात, सगळ्यांना पुण्यात उतरायला सांगा आणि तिथून एक बस करा. सांगलीला विमानतळ नाही हे सरळ लिहिले तर लांबचे पाहुणे येणारच नाहीत, अशी काहींना भीती वाटते. पुढच्या वर्षापासून परिषद ऑगस्टमध्ये घ्यावी, असाही एक प्रस्ताव आहे. मी नेमके काय लिहावे आणि काय व्यवस्था करावी?
– एक समन्वयक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पहिल्यांदा त्या भीतीविषयी लिहिते, कारण बाकीच्या चुका तिच्यातूनच होतात. जे अभ्यासक परिषदांना जातात, ते रुरकीला जातात आणि शांतिनिकेतनलाही जातात. त्या गावांना विमानतळ नाही म्हणून तिथल्या परिषदा ओस पडत नाहीत. शांतिनिकेतनला जाणाऱ्याला 'बोलपूरला उतरा' हे एवढे स्पष्ट सांगितलेले असते की त्याला पुढची काळजी राहत नाही. पाहुण्याला अंतराचे भय नसते. आपण रात्री अनोळखी स्टँडवर उतरलो आणि तिथून पुढे काय करायचे हे ठाऊक नसले तर कसे, याचे भय असते. म्हणून तुमच्या मजकुराचे खरे काम सांगलीची थोरवी सांगण्याचे नाही. शेवटचे पन्नास किलोमीटर कसे पार पडतील आणि ते पार पाडण्याची जबाबदारी कोणाची, हे सांगण्याचे आहे. माझ्या मते ती जबाबदारी यजमानाची आहे, आणि तसे माहितीपत्रकात लिहून द्यावे.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका परिषदेच्या आयोजनात होते. आमच्या पत्रकात 'जवळचा विमानतळ : पुणे' एवढेच छापले होते, किती जवळचा, हे लिहायचे राहून गेले. पूर्वेकडच्या राज्यातून आलेल्या एका वयस्क अभ्यासक बाईंनी तो शब्द खरा मानून रात्री नऊला पुण्यात उतरणारे विमान घेतले, लोहगावहून स्वारगेट गाठले, मिळेल त्या गाडीत बसल्या आणि पहाटेच्या अंधारात आमच्या गावच्या स्टँडवर एकट्या उतरल्या. त्यांना न्यायला कोणी गेले नव्हते, कारण कोणाला कळवायचे हेही आम्ही कुठे लिहिले नव्हते. सकाळी दहाला त्यांनी आपला निबंध वाचला, तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आणि आजही ते आठवले की मला अपराधी वाटते.

आता तुमच्या मजकुरातला सर्वांत महत्त्वाचा शब्द : मिरज. सांगलीकराला मिरज म्हणजे शेजारचे गाव वाटते, किंबहुना १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिकाच एक आहे. पण गुवाहाटीच्या माणसाला तिकीट काढताना 'मिरज' हे नाव दिसले की ते सांगलीपासून दहा किलोमीटरवर आहे की दोनशे, हे त्याला समजण्याचे काही कारण नाही. तो 'सांगली' टंकतो, हवी ती गाडी सापडत नाही, आणि इथे रेल्वे धड नाही असे समजून बसतो. प्रत्यक्षात मिरज हे दक्षिण महाराष्ट्रातले मोठे जंक्शन आहे. एकेकाळी इथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र येत असत, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी ती छोटी गाडी आठवणारी माणसे आजही तुमच्या गावात भेटतील. आज पुण्याचा, बेळगाव-लोंढ्याचा, कोल्हापूरचा आणि पंढरपूर-कुर्डुवाडीचा असे चारही मार्ग ब्रॉडगेजचे असून मिरजेत मिळतात. बेळगावकडून येणाऱ्या गाड्यांतला पाहुणा मिरजेला आधी पोहोचतो आणि पुण्याकडून येणारा सांगलीला आधी. तुमचे महाविद्यालय तर दोहोंच्या मध्ये आहे. तेव्हा ठळक अक्षरांत लिहा : 'सांगली आणि मिरज ही एकाच शहराची दोन रेल्वे स्थानके समजावीत, ज्या स्थानकाचे तिकीट मिळेल ते घ्यावे, दोन्हीकडे आमची माणसे असतील.' या एका वाक्याने निम्मे दूरध्वनी वाचतील. आमच्या साताऱ्याचे स्थानकही माहुलीला, गावापासून बाहेर आहे, आणि नवखा माणूस तिथे उतरून गाव शोधत राहतो. म्हणून मला याचे महत्त्व जास्त वाटते.

विमानाचे खरे चित्र असे आहे. सर्वांत जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. तिथून हातकणंगले, जयसिंगपूरमार्गे सांगली सुमारे पन्नास किलोमीटर. परंतु तिथे मोजक्याच शहरांहून विमाने येतात आणि कोणत्या वारी कोणते विमान आहे हे हंगामागणिक बदलते. म्हणून पत्रकात विमानांच्या वेळा छापू नका. पाहुण्याने नोंदणी केली की त्याच्या शहरापुरती त्या आठवड्यातली विमाने पाहून तुम्हीच त्याला कळवा. हैदराबाद आणि बंगळुरू या दोन शहरांमार्गे येऊ शकणाऱ्यांना कोल्हापूर सुचवावे, बाकीच्यांना ओढूनताणून सुचवू नये. दुसरा विमानतळ बेळगावचा, सांबऱ्याला. तो रस्त्याने साधारण १४० किलोमीटरवर आहे आणि तिकडून मिरजेला रेल्वेही आहे, त्यामुळे कोल्हापूरचे विमान भरलेले असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. तिसरा पुण्याचा. तिथे देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांहून थेट विमाने येतात, पण लोहगावहून सांगली जवळजवळ २४० किलोमीटर आहे, आणि शहरातून बाहेर पडण्याचा वेळ धरला तर पाच तासांच्या आत कोणी पोहोचेल असे आश्वासन देऊ नये. सांगलीजवळ कवलापूरला होऊ घातलेल्या विमानतळाची चर्चा आपण सर्वांनी वर्षानुवर्षे ऐकली आहे. पाहुण्यांच्या पत्रकात तिचा उल्लेख नको.

एकूण मार्ग सांगण्यापेक्षा प्रत्येक दिशेसाठी एकच चांगला मार्ग आणि तो हुकला तर दुसरा, एवढेच लिहा. माणसापुढे आठ पर्याय ठेवले की तो गोंधळतो आणि शेवटी सर्वांत वाईट निवडतो.

दिल्लीच्या पाहुण्यांचे सोपे आहे. निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस पुणे, सातारा, सांगली, मिरज करत जाते. ज्यांना एवढा वेळ गाडीत काढायचा नाही त्यांनी विमानाने पुण्याला यावे आणि दुपारची वंदे भारत पकडावी. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी अशा दोन वंदे भारत गाड्या आठवड्यातून तीन-तीन दिवस धावतात, दोन्ही दुपारी पुण्याहून निघतात आणि दोन्ही साताऱ्यावरून सांगली-मिरजेला येतात. मात्र कोणत्या वारी कोणती गाडी आहे हे तपासून पाहुण्याला तुमच्या परिषदेच्या आदल्या दिवसाची नेमकी गाडी कळवा, आणि विमान सकाळी अकराच्या आत पुण्यात उतरणारे हवे, हेही सांगा. उत्तरेकडची विमाने जानेवारीत धुक्यामुळे तासन् तास रखडतात. दिल्लीहून पहाटेचे विमान घेऊन दुपारची गाडी गाठू म्हणणाऱ्याला त्यातली जोखीम आधीच समजली पाहिजे. त्याच्यासाठी आदल्या रात्री पुण्यात मुक्काम हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

गुवाहाटीच्या अभ्यासकांनाही पुणेच. त्यांना कदाचित कोलकात्यात किंवा दिल्लीत विमान बदलावे लागेल आणि पुण्यात उतरेपर्यंत संध्याकाळ होईल. त्यांना त्याच रात्री पुढे दामटू नका. पुण्यात राहण्याची सोय करा, किंवा निदान दोनचार स्वच्छ, स्थानकाजवळच्या निवासांची नावे द्या, आणि सकाळची गाडी सुचवा.

तिरुवनंतपुरमच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. केरळातला माणूस कोकण रेल्वेच्या गाड्या जाणतो. नकाशावर रत्नागिरी सांगलीच्या जवळ दिसते, म्हणून तो रत्नागिरीला उतरून येतो म्हणेल. तसे करता येते, पण मध्ये आंबा घाट आहे, रत्नागिरीचे स्थानकही गावाबाहेर आहे आणि उतरण्याची वेळ बहुतेकदा अडनिडी असते. त्यापेक्षा त्याने बंगळुरूपर्यंत विमानाने यावे आणि तिथून एकतर कोल्हापूरचे विमान घ्यावे किंवा रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघून दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरावे. बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मुख्य स्थानकापासून बराच दूर आहे. तेव्हा विमान आणि गाडी यांत निदान चार तास ठेवायला सांगा. ही गाडी पहाटे पोहोचत नाही, त्यामुळे उद्घाटनाच्या सकाळी नव्हे, आदल्या दिवशी ती मिरजेत आली पाहिजे. या हिशेबात लोक नेहमी एक रात्र चुकतात. बंगळुरू, म्हैसूर, धारवाड इथून येणाऱ्यांनाही हाच मार्ग, आणि तिरुपतीकडच्यांना हरिप्रिया एक्सप्रेस आहेच.

हैदराबादच्या मंडळींनी विमानाने कोल्हापूरला यावे. विमान नसेल त्या दिवशी सोलापूरपर्यंत रेल्वेने येऊन पुढे मंगळवेढा, सांगोल्यावरून मिरजेकडे येणारा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरता येतो. तो सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास आहे. चारपाच जण एकत्र येत असतील तर सोलापूरहून एक गाडी ठरवून द्या. एकट्यादुकट्याला हा मार्ग सुचवू नका.

नागपूरकरांना महाराष्ट्र एक्सप्रेस पुरेशी आहे. गोंदियाहून निघून नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे असा मोठा वळसा घेत ती कोल्हापूरला जाते. वेळ फार लागतो, पण एकदा बसले की सांगलीलाच उतरायचे, मध्ये कुठे सामान हलवायचे नाही. विदर्भातल्या पुष्कळ प्राध्यापकांना ही गाडी विद्यार्थिदशेपासून परिचयाची असते. मुंबईकरांना महालक्ष्मी एक्सप्रेस : संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, दादर किंवा कल्याणवरून बसावे आणि पहाटे सांगलीत उतरावे. पहाटे म्हणजे खरोखरच अंधारात. त्या वेळी खोली तयार नसते आणि पाहुणा महाविद्यालयाच्या व्हरांड्यात बसून राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांच्या खोल्या आदल्या रात्रीपासूनच धरा. त्याचा खर्च परिषदेच्या खात्यात टाका.

पुण्याहून एक बस करण्याची कल्पना मला अर्धीच पटते. साठ माणसांची विमाने आणि गाड्या एका वेळी पुण्यात येणार नाहीत. जो सकाळी नऊला उतरेल तो संध्याकाळच्या बससाठी दिवसभर ताटकळेल, आणि ज्याचे विमान रखडेल त्याच्यासाठी बस थांबणार नाही. शिवाय रस्त्याचा विचार करा. पुण्याहून खंबाटकी घाट, सातारा, कराड करत पेठ नाक्यापर्यंत महामार्ग आहे, पण त्यावर रुंदीकरणाच्या कामांमुळे ठिकठिकाणी वळसे आणि खोळंबे सोसावे लागले आहेत. पेठ नाक्यावर महामार्ग सोडून इस्लामपूर, म्हणजे आताचे ईश्वरपूर, आणि आष्टा यांवरून सांगलीला यायचे. जानेवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या आणि मालमोटारी रात्रभर या भागातल्या कारखान्यांकडे चाललेल्या असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तकही नसतो. आपल्या माणसाला ते माहीत असते. बाहेरून भाड्याची गाडी घेऊन येणाऱ्या चालकाला नसते. म्हणून पाहुण्यांना स्पष्ट लिहा की रस्त्याने येणार असाल तर पेठ नाका उजेडी ओलांडावा. ऊसतोड कामगारांच्या गाड्याही त्याच रस्त्यावर असतात, तेव्हा ही काळजी पाहुण्याच्या जिवाइतकीच त्यांच्याही जिवाची आहे. बसवर जो खर्च करणार होता, त्यातून सांगली आणि मिरज स्थानकांवर दोन दिवस फिरत्या गाड्या आणि उजळाईवाडीसाठी एखादी गाडी ठेवा. एसटीने येणाऱ्यांना स्वारगेटहून सांगलीच्या गाड्या आहेत, एवढी एक ओळ पुरे.

ऑगस्टचा प्रस्ताव मात्र पुढच्या बैठकीत आवर्जून मोडून काढा. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत कृष्णेने काय केले ते तुमच्या घरांच्या भिंतींवर दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता, मिरज-कोल्हापूर रेल्वेही थांबली होती. ज्या दिवसांत गावातली माणसे होडीतून बाहेर काढावी लागण्याची शक्यता असते, त्या दिवसांत परगावच्या माणसाला बोलावू नये. दरवर्षी पूर येतो असे नाही, पण तारीख सहा महिने आधी ठरवावी लागते आणि पाऊस तेव्हा विचारून येत नाही.

तारखेवरून आठवले. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. तुमची परिषद जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात असेल, तर आरक्षण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उघडेल. निबंध स्वीकारल्याचे पत्र जर तुम्ही डिसेंबरमध्ये पाठवणार असाल, तर तोवर महालक्ष्मी आणि गोवा एक्सप्रेसच्या प्रतीक्षायाद्या लागलेल्या असतील आणि मग 'सांगलीला गाड्या मिळत नाहीत' असा बोल लागेल. गाड्या असतात, आपण उशीर केलेला असतो. निबंधांची छाननी दिवाळीच्या सुट्टीतच उरका आणि स्वीकृतीचे पत्र व प्रवासाची माहिती एकाच दिवशी पाठवा. त्या पत्रासोबत एक छोटा तक्ता जोडा, ज्यात पाहुण्याने कोणत्या गाडीने किंवा विमानाने, कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, सोबत कोणी आहे का, चढउतार करायला त्रास होतो का, हे भरून द्यायचे. जिना चढता न येणाऱ्या पाहुण्याला दोन्ही स्थानकांपैकी कुठे उतरणे सोयीचे आहे, हे तुम्ही स्वतः जाऊन पाहून ठरवा. गाडी कोणत्या फलाटावर लागते आणि तिथून बाहेर पडायला किती पायऱ्या आहेत, हे दूरध्वनीवरून कळत नाही.

पत्रकात दोन माणसांची नावे आणि क्रमांक द्या, आणि त्यांतला एक तरी माणूस रात्री अकरा ते सकाळी सहा फोन उचलणारा असू द्या. विद्यार्थ्यांना हे काम जरूर द्या, पण त्यांच्यासोबत एक प्राध्यापक असावा. पहाटे चारला मिरजेच्या फलाटावर वीस वर्षांच्या मुलीला एकटीला उभे करू नये. पाहुण्याला गाडीत बसण्याआधी एक निरोप जावा, ज्यात त्याला न्यायला येणाऱ्याचे नाव आणि गाडीचा क्रमांक असेल. एवढे केले की तुमच्या ज्येष्ठ सरांचे ते 'उत्तम जोडलेली' हे वाक्य छापायची गरज उरत नाही, आणि त्यांनाही ते पटेल असे मला वाटते. त्यांना दुखवू नका. वाक्य काढून टाकण्यापेक्षा त्याच्या जागी ही माहिती लिहून त्यांच्यापुढे ठेवा.

राहिला परतीचा प्रवास, ज्याकडे आयोजक सहसा पाहतच नाहीत. मुंबईकडे जाणारी महालक्ष्मी रात्री मिरज-सांगलीहून जाते, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा समारोप संध्याकाळी पाचला संपवला तर पाहुण्याला जेवून, सामान आवरून निवांत गाडी गाठता येते. पुण्याकडे जाणारी वंदे भारत मात्र सकाळची असते. ज्यांना पुण्याहून दुपारनंतरचे विमान घ्यायचे आहे, त्यांना तिसऱ्या दिवशी सकाळी निघावे लागेल, म्हणजे त्यांच्या खोल्या दोन नव्हे तर तीन रात्रींसाठी हव्यात. कोल्हापूरहून विमान असणाऱ्यांना विमानाच्या वेळेपूर्वी तीन तास विश्रामबागेतून काढा. हातकणंगल्याच्या रस्त्याला उसाची वाहतूक त्या दिवसांत तिथेही असते. समारोपाची वेळ ठरवण्यापूर्वी भरून आलेले तक्ते समोर घेऊन बसा, आणि कोणाची गाडी किती वाजता आहे हे पाहूनच अध्यक्षीय भाषणाला वेळ द्या.